सुया चालू

क्लाक्सव्हीकच्या जुन्या शाळेत, मंगळवारी रात्री,
सहा जण आम्ही. बाकं लहान मुलांची,
गुडघे फळीला टेकतात.
त्यात मी सगळ्यांत थोरला. एकतीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी,
शब्दांपेक्षा कॉडचा रस्सा जास्त ओळखीचा.

रान्व्हा शिकवते. माझी पहिली ओळ होती:
'हिरवं दार उघडून बाप आत येतो.'
तिने 'हिरवं'वर काट मारली.
कुणाला ऐकू येणार आहे हिरवं?
मी म्हटलं, ते दार करकरायचं.
मग ते लिहा ना.

हिरवं गेलं, बिजागरी राहिली.

वाऱ्याला आमच्या बेटांवर काय तोटा,
म्हणून एइडुन यंत्र घेऊन कड्यावर जाऊन आला.
घेऊन आला ते ऐकलं तर
तव्यावर मासा चरचरतोय.
खऱ्या वाऱ्याला वाऱ्याचं सोंग जमेना.
शेवटी एक लाकडी पिंप, त्यावर ताणलेलं रेशमी कापड,
एइडुनने दांडा फिरवला
आणि बंद खोलीत आम्ही सहाही जणांनी
कॉलरी वर केल्या.

बर्फावरची पावलं म्हणजे
पिशवीत भरलेलं बटाट्याचं पीठ. हे मला आधी माहीत असतं
तर आयुष्यभर सुपात घातलं नसतं एवढं.

एकदा ती म्हणाली,
रेडिओत जो गप्प बसतो तो खोलीतून निघून जातो.
शिंकू द्या त्याला, खुर्ची सरकवू द्या,
नाहीतर तो नाहीच.

हे मी ओल्या बुटांसकट घरी घेऊन आलो.
कारण माझ्या नाटकात आई होती,
आणि आमची आई गप्पच असायची.

मग मी तिच्या हातात सुया दिल्या.
टिक, टिक, टिक, पानभर.
आम्ही भावंडं बटाटे सोलतोय, भांडतोय,
मागे सुया.
बिजागरी करकरते. बाप येतो, टोपी झटकतो,
एवढंच म्हणतो: 'वारा पडला.'
हानुसचं नाव नाही, बोटीचं नाही.
आणि अकराव्या पानावर, कंसात, मी लिहिलं:
सुया थांबतात.

रान्व्हा बराच वेळ काही बोलली नाही.
त्या वेळी ती खोलीतून निघून गेली नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

नाटक लागलं रविवारी दुपारी.
मी आईच्या वृद्धाश्रमात, तिच्या पलंगाशेजारी.
वय एक्क्याण्णव. लोकर आता हातात धरवत नाही,
बोटं मात्र मांडीवर काहीतरी मोजत असतात.
बाप आला. वारा पडला. सुया थांबल्या.
शेजारच्या खोलीतली म्हातारी हुंदका देऊन रडली,
मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आईने जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.
उगाच थांबवल्यास, म्हणाली.
मी विणत राहिले होते.
थांबले असते तर कळलं असतं तुम्हाला.
जेवून झोपायचं होतं ना अजून तुमचं.

नऊ वर्षांचा होतो मी त्या रात्री.
आम्हाला सकाळी सांगितलं.
आणि इतकी वर्षं मला वाटत होतं
की मी ते टेबलापाशी ऐकलं, ती शांतता, माझ्या कानांनी.

मंगळवारी मी अकरावं पान काढून
पेन्सिलीने दुरुस्त केलं. नाटक होऊन गेलेलं,
कुणी पुन्हा लावणार नाही.
तरी लिहिलं: सुया चालू.

रान्व्हाने वाचलं. किती वेळ, तिने विचारलं,
वेळ लिहायला हवा, नाहीतर एइडुनला कसं कळणार.

मी सांगितलं, बाही पुरी होईपर्यंत.
हानुसचा स्वेटर होता तो.
मला पुढे चार वर्षांनी बसला.